तिसरा उद्गार

सात उद्गारांची यादी पाळकसाहेबांनी चर्चच्या दारावर चिकटवली आणि मानसिंगच्या घरातली बोलचाल आठ दिवस बिघडली. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, त्या सात बोलांवर मंडळीतल्या सात जणांनी उभं राहून दहा-दहा मिनिटं बोलायचं, हा कळंबच्या त्या पत्र्याच्या चर्चमधला आजा-पणजापासूनचा रिवाज. कुणाला कुठला उद्गार मिळतो यावर माणसाची पत ठरते, असं तोंडानं कुणी म्हणणार नाही. पण रुसवेफुगवे लग्नातल्या मानपानाला लाजवतील असे चालतात.

शेजारी टांगलेल्या चोराला प्रभूनं त्याच दिवशी स्वर्ग देऊ केला, तो दुसरा उद्गार. सव्वीस वर्षं तो मानसिंगकडं होता. मानसिंग मंडळीचा पंच, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, आवाज खणखणीत. या वर्षी त्याला सातवा दिला आणि दुसऱ्यापुढं नाव लागलं त्याच्या धाकट्या भावाचं, दादासोचं.

"बरोबर हाय," मानसिंग घरी येऊन म्हणाला, "चोराचा उद्गार चोरालाच दिला."

आणि तिसऱ्यापुढं नाव होतं मानसिंगच्या बायकोचं. सारजाचं. मरता मरता प्रभूनं आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं, तो तिसरा. आईचा उद्गार म्हणून तो नेहमी बाईमाणसाकडं जायचा. यादी वाचून एकूणएक बाई म्हणाली, सारजाबाईला न्हाय तर कुणाला? अकरा वर्षं लकव्यानं पडलेल्या सासूचं अंथरुणात सगळं केलं तिनं. स्वर्गात तिची जागा राखूनच ठेवलेली असंल बघा.

सारजाला ते ऐकून बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं होतं. पण ती गोष्ट मंगळवारच्या आधीची.

शुक्रवारी सकाळी योगिनी आजीला पुसून काढत होती. योगिनी सारजाची सून, इंदापूरच्या दवाखान्यात नर्स. आठवडाभर कळसला माहेरी होती, ती गुरुवारी संध्याकाळी परत आली. सारजा ज्यांना आत्या म्हणायची त्या सासूचं, साखरबाईंचं, उजवं अंग अकरा वर्षांपूर्वी गेलं ते गेलं, जीभही जड झाली. डावा हात तेवढा चालायचा. त्या हातानं स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडावर बडवून त्या हाक मारायच्या, आणि त्या ठणठणाटानं सारजा चुलीपुढनं उठून पळायची.

"मम्मी," योगिनीनं तोच डावा हात उचलून धरला. "हे काय झालंय?"

मनगटावर निळसर वळ होता. बोटभर रुंद.

"बांगडी रुतली असंल."

"आजी बांगड्या कुठं घालत्यात?"

सारजा दुधाकडं बघत राहिली. दूध अजून तापायचं होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"कापडाचा हाय वळ," योगिनी हळूच म्हणाली. "दवाखान्यात पेशंट हात बांधून ठेवायला लागला, तर असाच उठतो. मंगळवारी आपल्या घरी लेंटच्या उपासाची सभा होती ना?"

साखरबाई आढ्याकडं बघत पडून होत्या. त्यांना सगळं कळत होतं. त्या बाईच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं, हेच तर सारजाला खात होतं. मंगळवारपासून त्यांनी पेला एकदाही वाजवला नव्हता. पाणी हवं असलं तरी नाही, ओलं झालं तरी नाही. सारजा आपणहून येईपर्यंत गप पडून राहायच्या.

"व्हय," सारजा म्हणाली. एवढंच बोलली, आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली.

दादासो आला होता. पन्नाशीचा माणूस, पांढरा सदरा, केस तेल लावून चापून बसवलेले. बारामतीत एका दवाखान्याची गाडी चालवायचा. आईला लकवा झाला त्या दिवशी हाच दादासो बारामतीच्या एसटी स्टँडवर पिऊन पडला होता. दोन दिवसांनी आला तो आईच्या उशाशी उलटी करून गेला आणि नंतर आठ वर्षं फिरकला नाही. तीन वर्षांमागं कुठल्याशा सभेत त्याचा नवा जन्म झाला. दारू सुटली आणि जीभ मोकळी झाली. आता जाईल तिथं साक्ष द्यायचा, मी मेलेला होतो, प्रभूनं मला फुकट वाचवलं. ते 'फुकट' सारजाच्या कानाला फार लागायचं. गू-मूत मी काढलं अकरा वर्षं, आणि वाचला हा!

तो आत यायच्या आधी योगिनीनं झटकन चादर ओढली. आजीचा हात चादरीखाली गेला. सारजानं ते पाहिलं आणि मान वर करायची तिला सोय राहिली नाही. सत्तावीस वर्षांची पोर, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, आणि ती सासूचं पाप झाकत होती.

"सलाम वैनी," दादासो म्हणाला. "सलाम दादा. आईची तयारी झाली का? गाडी आणलीय, आडवंच न्यायचं तिला चर्चमधी."

"तिला कशाला उन्हाची?" मानसिंग सदऱ्याची बटणं लावत बाहेर आला.

"माझा उद्गार ऐकू दे की तिला. आन् दुसरं एक बोलायचंय." दादासो खाटेशेजारी खाली बसला. "आजच मी आईला बारामतीला नेतो, माझ्याकडं ऱ्हायला. खालची खोली हाय, पंखा हाय, दवाखाना हाकेवर. वैनीला इसावा मिळंल."

इसावा! एक दिवसही कुणी सारजाला विसाव्याचं विचारलं नव्हतं तेव्हा ती मनातल्या मनात धुसफुसायची, आणि आज विचारलं तर अंगावर काटा आला. ही म्हातारी गेली तर मी कोण? पंचाची बायको, बस. बायांच्या मंडळात पहिली खुर्ची मिळते ती कशाची? पाळकसाहेब प्रार्थनेत नाव घेतात ते कशाचं? सगळं त्या खाटेचं होतं.

"न्यायचं म्हणं!" मानसिंग कडाडला. "अकरा वर्षं कुठं होतास रं? आता आईचं शेवटचं आलं तवा आयतं पुण्य घ्यायला आलास व्हय?"

"दादा, पुण्यानं कुठं काय हुतं? म्हणून तर—"

"हां, आलं तुझं! तुझं बरं हाय. आयुष्यभर गटारात लोळायचं, मग एक दिस डोळं मिटून म्हणायचं, प्रभू, माझा तुझ्यावर विश्वास हाय. झालं तारण! आन् आमी काय येडे? शास्त्रात लिवलंय, कामाबिगर विश्वास मेलेला. मेलेला! भुतंबी विश्वास ठेवत्यात."

"तेच शास्त्र सांगतंय, कुणी छाती काढून म्हणू नये मी कमवलं."

"माझ्या बायकूनं कमवलंय!" मानसिंगनं सारजाकडं बोट केलं. "बघ तिच्या हाताकडं. तुझ्या विश्वासानं कुणाची लंगोटी धुतली?"

सारजानं हात पदराखाली घेतले. तिला वाटलं, आता योगिनी बोलणार. पण योगिनी पावडरचा डबा घेऊन उभी होती, सासऱ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावरची घडी मोडत नव्हती.

"आजीला विचारा की," योगिनी एकदम म्हणाली. "वस्तू हायत का त्या, हिकडं ठेवा न्हायतर तिकडं न्या?"

दोघं भाऊ खाटेकडं वळले. साखरबाईंनी डोळे मिटले. मानसिंगनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. "बघ. तिला न्हाय यायचं," तो म्हणाला. दादासो म्हणाला, उपासना झाल्यावर बोलू. मग चौघांनी मिळून म्हातारीला गाडीत घातलं.

चर्चमध्ये उपासाच्या माणसांनी बाकं भरलेली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पत्रा तापलेला, तीन पंखे गरम वारा ढवळत होते. साखरबाईंची चाकाची खुर्ची पुढच्या बाकाशेजारी लावली, एका अंगाला उशी दिली. सारजा त्यांच्या जवळ बसली. मांडीवर वही होती. चार पानं लिहून काढली होती तिनं, मंगळवारच्या आधी. आई म्हणजे काय, सेवा म्हणजे काय, अकरा वर्षांत प्रभूनं तिला बळ कसं दिलं. सगळं टापटीप.

पहिला उद्गार एका मास्तरांनी ओढून-ताणून पंधरा मिनिटांत संपवला. मग दादासो उठला.

त्याच्या हातात कागद नव्हता. "मंडळी," तो म्हणाला, "त्या चोराकडं काय हुतं? हात खिळलेले, चांगलं काम करायला रिकामे न्हाईत. पाय खिळलेले, देवळात जाता येत न्हाय. बाप्तिस्मा न्हाय, वर्गणी न्हाय. नुस्तं म्हणाला, माझी आठवण ठेव. मी तसाच हाय. माझी आई हितं बसलीय. तिच्यावर लकव्याचा घाला पडला तवा मी कुठं पडलो हुतो, कळंबातल्या शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय."

बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या. त्याचं बोलणं होतंच तसं. आणि मग त्यानं सारजाकडं बघितलं.

"कामानं जर स्वर्ग मिळत असता," दादासो म्हणाला, "तर या चर्चमधनं एकच माणूस गेला असता. माझी वैनी. बाकी आपण समदे दारात. मी अकरा वर्षांचा असताना ही लगीन होऊन आली, हिच्या हातचं खाऊन मी वाढलो. माझ्या आईला हिनं लेकरागत सांभाळलं, कधी एक वावगा शब्द न्हाय. वैनी, जरा उभी ऱ्हा. मंडळीला बघू दे."

काय करावं माणसानं! सगळ्या चर्चमधली डोकी वळली. कुणी तरी टाळी वाजवली, उत्तम शुक्रवारी टाळी वाजवत नाहीत हे आठवून थांबलं. मानसिंग ताठ बसून समोर बघत होता, त्याच्या मिशा हसत होत्या. सारजा उभी राहिली. उभी राहिली आणि तिला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. अंगावरचं लुगडं कुणीतरी सोडून घ्यावं तसं तिला झालं. शेजारी खुर्चीत साखरबाई मान कलती टाकून बसल्या होत्या, आणि त्यांचा डावा हात उघडा होता. उन्हाळ्याची शाल कोण घालणार?

ती खाली बसली. दादासोनं आमेन म्हटलं. पाळकसाहेब म्हणाले, "तिसरा उद्गार, सारजाबाई."

म्हणजे परत उठायचं. वही घेऊन ती पुढं गेली. लाकडी मेजावर वही उघडली, पहिली ओळ वाचली, 'सेवा हीच खरी भक्ती', आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. पंखा पानं उलटीपालटी करत होता. तिनं वही मिटली.

"मला हे वाचता येत न्हाय," ती म्हणाली.

पाळकसाहेबांना वाटलं, चष्मा विसरली. ते आपला काढून द्यायला लागले. तिनं हातानं नको म्हटलं.

"मंगळवारी तुमी समदे आमच्या घरी आला हुता. लेंटच्या सभेला. पुढच्या सोप्यात आत्या असत्यात, त्यांची खाट मी मागल्या खोलीत नेली. जिथं पेंड आन् कांदे असत्यात तितं. का, तर वास येतो. पस्तीस माणसं येणार, बारामतीची येणार, पाळकसाहेब येणार. मग वाटलं, सभा चालू असताना पेला वाजवत्याल. म्हणून मी पेला काढून घेतला."

कुठंतरी एक लेकरू रडलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं.

"पेला घेतला तर त्या हातानंच खाट बडवायला लागल्या. एकच तर हात चालतो. तो मी जुन्या लुगड्याच्या काठानं खाटेला बांधला. पडू नयेत म्हणून बांधला, असं मी मलाच सांगितलं. खोटं हाय ते. आवाज येऊ नये म्हणून बांधला."

"सारजे," मानसिंग पुढच्या बाकावरून म्हणाला. दबक्या आवाजात, खोकल्यासारखं.

तिनं त्याच्याकडं बघितलं. आईला आजच्या दिवस मागं टाक, लोकांत शोभा नको, हे वाक्य त्याचं होतं. दोघांनाही ते माहीत होतं. सारजानं ते सांगितलं नाही. सांगून हलकं वाटेल असं तिला क्षणभर वाटलं, आणि तशा हलकेपणाचीही तिला लाज वाटली.

"गीत चालू हुतं तवा त्यांनी मला हाका मारल्या. नाव घेऊन. जीभ वळत न्हाय तरी. मी आवाज चढवला. वरच्या पट्टीत गायले. हाक आली की मी अजून वर. तुमी जाताना म्हणलात, सारजाबाई, आज काय गळा लागला हुता! पाळकसाहेबांनी मधी इचारलं, कोण हाक मारतंय? मी म्हणलं, शेजारचं लेकरू. समदी जेवली, भांडी झाली, मग मी मागं गेले. आत्या भिजलेल्या हुत्या. भिताडाकडं तोंड करून. मला काय म्हणल्या न्हाईत."

तिचा आवाज इथं फाटला. पण ती थांबली नाही.

"त्या दिसापासनं त्या मला हाक मारत न्हाईत. एवढंच मला बोलायचं हुतं. आईचा उद्गार मला देऊ नगा पुन्यांदा."

ती मेजामागून निघाली ती बाकावर नाही बसली, साखरबाईंच्या खुर्चीपुढं फरशीवर बसली. "आत्या, चुकले मी," म्हणाली. साखरबाई तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत होत्या. चर्चमध्ये कुणी कुणाकडं बघेना. त्या रात्री जेवलेली माणसं बहुतेक तिथंच होती, आणि मागल्या बाकावरची बनाबाई पुटपुटली ते सगळ्यांना ऐकू गेलं. "ऐकलं हुतं गं आमीबी. लेकराचा आवाज असा नसतो."

शेवटी पाळकसाहेबांनी चौथा उद्गार पुकारला. उपासना ती उपासना, पुरी करावीच लागते. चौथा झाला, पाचवा, सहावा. सातवा मानसिंगचा. सारजाला वाटत होतं, हा आता उठणार आणि मोडून पडणार. पण मानसिंग उठला आणि बोलला. खणखणीत बोलला. बापाच्या हाती आत्मा कसा सोपवावा, कृत्यं कशी नीट असावीत, दहा मिनिटं एकही शब्द न अडखळता. प्रत्येक शब्द पाठ होता त्याचा. आणि त्या पाठांतराइतकं ओंगळ सारजानं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. त्याच्यापुढं तिची स्वतःची फजिती तिला बरी वाटली.

तीन वाजता सगळे गप बाहेर पडले. उत्तम शुक्रवारी तसंही बोलत नाहीत, ते लोकांच्या पथ्यावर पडलं. दादासोनं आणि योगिनीनं म्हातारीची खुर्ची गाडीपर्यंत ढकलत नेली. सारजा मागून चालली, चार हात अंतर ठेवून.

मानसिंग तिच्या बरोबरीनं आला. "माझं नाव घेतलं न्हाईस," तो खालमानेनं म्हणाला.

"घ्यायला पायजे हुतं का?"

बासष्ट वर्षांचा पंच, चपलेनं माती उकरत उभा राहिला. "मला उठल्यावर दुसरं कायच आठवंना," तो म्हणाला. "पाठ केलेलं तेवढं आठवलं."

गाडीजवळ दादासो घाम पुसत होता. त्याच्या तोंडावरचं मघाचं तेज पार उतरलं होतं. "वैनी, मी तुला उभं करायला नगं हुतं," तो म्हणाला.

"तुला काय ठाऊक!"

"ठाऊक हुतं." त्यानं आईकडं बघितलं नाही. "मंगळवारी मी हुतोच की तितं. आई कुठंय म्हणलं, तुमी म्हणला झोपलीय. मग माझी साक्ष चालू झाली. आईचा आवाज वळखू येणार न्हाय का मला? पोटच्या लेकाला? पण साक्ष रंगात आली हुती, वैनी. लोकं रडत हुती. आता उठून मागं गेलो तर समदं मोडंल, असं वाटलं मला. प्रभूनं मला कसं वाचवलं ते सांगत हुतो मी, आन् आई मागं…"

त्यानं गाडीच्या दारावर हात टेकला. "म्हणून न्यायला आलो आज. तुला इसावा बिसावा न्हाय. माझ्या जीवाला डसत हुतं ते. आन् तुझी इतकी वाहवा केली, तीबी त्याचसाठी. तुझ्याकडं बघत ऱ्हायलं की माझ्याकडं बघायला नगं."

मानसिंगनं भावाकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. चुलत सासऱ्याचा हात धरावा की सासूचा, हे न कळून योगिनी मध्येच उभी होती. मग ती आजीपुढं वाकली.

"आजी, आता तुमीच सांगा. कुठं जायचं? कळंबला का बारामतीला?"

साखरबाईंनी ओठ हलवले. पहिल्यांदा नुसता वारा आला. मग म्हणाल्या, "बा-मती."

सारजानं डोळे मिटले. मिळायचं तेच मिळालं, असं तिला वाटलं. तरी पाय आपोआप पुढं झाले. गाडीत आडवं केल्यावर उशी नीट करायची, मानेखाली घडी घालायची, उजवा पाय सरळ करायचा, नाहीतर रात्रभर कळा येतात, हे दादासोला कुठलं माहीत? ती गाडीत चढली आणि उशीला हात घातला.

साखरबाईंनी डाव्या हातानं तिचा हात बाजूला केला. जोर नव्हता त्यात, पण बाजूला केला.

"सारजे."

तीन दिवसांनी ते नाव त्यांच्या तोंडून आलं. सारजा तशीच वाकलेली राहिली.

"तू आता… माजं… कायबी करू नगंस."

"व्हय आत्या."

"कायबी नगं." म्हातारीला एवढं बोलायला दम लागला. छाती खालीवर झाली. बाहेर दोघं भाऊ उभे होते, त्यांनाही ऐकू जात होतं. "तरी… माजीच हायस… तू."

सारजाला थोबाडीत बसली असती तर सोसलं असतं. अकरा वर्षं ती हेच ऐकायला राबली होती. रोज पहाटे उठताना तिला वाटायचं, कधीतरी ही म्हातारी म्हणेल, तू माझी आहेस. राबून राबून एक दिवस ती म्हणेलच. ते आज आलं. सगळ्या गावापुढं तोंड काळं झाल्यावर, हातात काही उरलं नसताना आलं. त्याच्या बदल्यात काही द्यावं म्हटलं तरी तिच्याकडं द्यायला काही नव्हतं.

ती खाली उतरली. दादासोनं दार लावलं, सुरू करायच्या आधी खिडकीतून म्हणाला, "तिचा पाय कसा ठेवायचा वैनी?"

"उजवा सरळ," सारजा म्हणाली. "गुडघ्याखाली घडी घाल."

गाडी कालव्याच्या बाजूनं बारामतीच्या रस्त्याला लागली. मानसिंग चर्चच्या पायरीवर जाऊन बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. येणारी-जाणारी मंडळी त्याच्याकडं बघत होती, सारजाकडं बघत होती, आणि पुढं गेली की पुटपुटत होती.

"मम्मी, चला," योगिनी म्हणाली. "उपास सोडायचाय."

"तू हो म्होरं. ह्यांना घेऊन जा."

"आन् तुमी?"

रोज या वेळेला सारजा आत्यांची कूस बदलायची, मग चमच्यानं चहा पाजायची. आज काही करायचं नव्हतं. लाजेनं तिच्या कानाच्या पाळ्या अजून जळत होत्या. बनाबाई पायऱ्या उतरून समोर आली, काहीतरी बोलायला थांबली, आणि सारजानं तिच्यापासून तोंड लपवलं नाही.

"बघ बनाबाई," ती म्हणाली, "अशी हाय मी."

बनाबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.